कवडशातली धूळ आणि धानाची बांधी



हिवाळ्यात सकाळी आठ-साडेआठच्या सुमारास कौलारू घरात थोडा वेळ बसून पाहा. एखादे कौल सरकलेले असते. तेथून उन्हाची तिरीप आत उतरते आणि त्या कवडशात हजारो बारीक कण वर-खाली तरंगताना दिसतात. लहानपणी आपण सर्वांनीच ते मुठीत पकडण्याचा खेळ खेळलेला आहे. कवडशाबाहेरची हवा मात्र स्वच्छ वाटते. खरे पाहता कण तेथेही तितकेच असतात. प्रकाश नाही म्हणून ते दिसत नाहीत, एवढेच.

माझी नोकरीची बहुतेक वर्षे भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांध्यांवरून फिरण्यात गेली. बियाणे, खत, पाणी आणि कीड यांविषयी मी आपणांशी शेकडो वेळा बोललो असेन. हवेविषयी मात्र क्वचितच बोललो. हवा फुकटची म्हणून तिचा हिशेब कोणी ठेवत नाही. परंतु ढग बनण्यापासून करपा पसरण्यापर्यंत आणि घरातल्या म्हातारीच्या खोकल्यापर्यंत कितीतरी गोष्टी या न दिसणाऱ्या कणांवर अवलंबून आहेत. शिवाय हे कण बारा महिने सारखे नसतात. ऋतू बदलला की तेही बदलतात. आज हाच हिशेब मांडू या.

कण किती लहान?

एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातील एका भागाला मायक्रॉन म्हणतात. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. कवडशात दिसणारी धूळ त्यापेक्षा पुष्कळ बारीक, आणि धुरातील बहुतेक कण तर एका मायक्रॉनहूनही लहान. मोठी धूळ नाकातील केसांत आणि घशात अडकते, शिंकेबरोबर बाहेर पडते. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण मात्र थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात, आणि म्हणून डॉक्टर मंडळी त्यांचीच जास्त चिंता करतात.

पण सगळेच कण शत्रू नव्हेत. त्यांच्यावाचून पाऊसच पडला नसता. हवेतील वाफेचा थेंब व्हायचा तर तिला बसायला काहीतरी बूड लागते. जॉन एटकेन या स्कॉटिश शास्त्रज्ञाने ही गोष्ट १८८० च्या सुमारास काचेच्या भांड्यात प्रयोग करून दाखविली. धूळ गाळून काढलेल्या हवेत त्याने वाफ सोडली, तर धुके बनले नाही. साधी हवा आत येताच भांडे धुक्याने भरले. म्हणजे आपल्या डोक्यावरच्या ढगातील प्रत्येक थेंबाच्या पोटात एक बारीकसा कण असतो. पावसाचा एक बरा थेंब तयार व्हायला ढगातील असे सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात.

दूरच्या जंगलातील धडा

जगातील सर्वांत मोठे सदाहरित वर्षावन दक्षिण अमेरिकेत, ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात आहे. ब्राझीलमधील मनाउस शहरापासून सुमारे १५० किलोमीटर अंतरावर या जंगलात ३२५ मीटर उंचीचा मनोरा उभा आहे. तो ब्राझील आणि जर्मनीच्या शास्त्रज्ञांनी मिळून २०१५ साली पूर्ण केला. त्यावरून ते झाडांच्या शेंड्यांवरची हवा बारमाही मोजत असतात.

तेथे दिसलेली गोष्ट अशी. पावसाळ्यात त्या जंगलावरची हवा समुद्रावरच्या हवेइतकी निर्मळ असते. साखरेच्या खड्याएवढ्या जागेत, म्हणजे एका घन सेंटिमीटरमध्ये, अवघे काहीशे कण. तेही बहुतांशी जंगलाचेच : बुरशीचे बीजाणू, परागकण आणि झाडांच्या वासातून तयार झालेले सूक्ष्म कण. त्याच कणांवर ढग बनतात आणि तोच पाऊस पुन्हा जंगलावर पडतो. जणू जंगल स्वतःच्या पावसाचे बियाणे स्वतःच तयार करते.

कोरड्या महिन्यांत चित्र पालटते. ऑगस्टपासून पुढे तेथे जंगल आणि कुरणे जाळतात. धूर चढतो, आणि कणांची संख्या शेकड्यांवरून हजारांवर जाते. तुम्ही म्हणाल, कण वाढले तर पाऊस वाढायला हवा. तसे होत नाही. दहा जणांचा भात शंभर जणांना वाढला तर कोणाचेच पोट भरत नाही. ढगातील पाणी तेवढेच, वाटेकरी मात्र वाढलेले. थेंब इतके बारीक राहतात की ते खाली पडायलाच तयार नसतात. धुराने कोंडलेल्या ढगांतून पाऊस उशिरा सुरू होतो, हे २००४ च्या सुमारास शास्त्रज्ञांनी विमानातून मोजून दाखविले.

आणखी एक नवलाची गोष्ट सांगतो. आफ्रिकेतील सहारा वाळवंटाची धूळ समुद्र ओलांडून दरवर्षी या जंगलावर येऊन पडते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीप्रमाणे ही धूळ वर्षाला सुमारे २ कोटी ७७ लाख टन असते, आणि तिच्यासोबत सुमारे २२ हजार टन स्फुरद जंगलाला मिळते. मुसळधार पावसाने जेवढे स्फुरद वाहून जाते, जवळपास तेवढेच वाऱ्याने परत येते. सुपर फॉस्फेटची एवढी मोठी मात्रा निसर्ग दरवर्षी टाकतो, आणि पावतीही मागत नाही!

आता आपल्या पवनीकडे

आपल्याकडे वर्षावन नाही. आपले जंगल साग, ऐन, मोह, तेंदू आणि बांबूचे, उन्हाळ्यात पाने गाळणारे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ साली जाहीर झाले. त्याच्या एका अंगाला पवनी तालुका, तर दुसऱ्या अंगाला नागपूर जिल्हा. मधून वैनगंगा वाहते, गोसीखुर्दचे पाणी पसरलेले आहे आणि चारी बाजूंना धानाच्या बांध्या. अशा मुलखातील हवेचे वर्ष ढोबळमानाने चार भागांत पडते.

पहिला भाग हिवाळ्याचा. दिवाळीनंतर रात्री थंड होतात. जमिनीलगतची हवा थंड आणि जड, वरची त्यामानाने उबदार. भांड्यावर झाकण ठेवावे तसे होते. सायंकाळी चुलींचा आणि शेकोट्यांचा धूर वर न जाता गावावरच पसरून राहतो. सकाळी नदीकाठच्या धुक्यात तो मिसळतो. याच दिवसांत धान चुरण्याचे काम चालते, आणि कोंडा, कुसळे व बुरशी आलेल्या तणसाची पूड हवेत उडते. ओलसर तणसाला पांढरट बुरशी आली असेल तर ती झटकताना कोट्यवधी बीजाणू छातीत जातात. त्यानंतर काही तासांनी ताप, अंग मोडून येणे आणि धाप लागणे असा त्रास होऊ शकतो. पुष्कळदा आपण तो सर्दीचा ताप समजतो. डोळ्यात धानाचे कूस गेले तर डोळा चोळू नये. कुसळासोबत गेलेल्या बुरशीने बुबुळावर जखम होऊन डोळा कायमचा जाऊ शकतो.

दुसरा भाग उन्हाळ्याचा. फेब्रुवारीपासून जंगलात पाचोळा साचतो आणि मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले गळू लागतात. फुले वेचायला सोपे जावे म्हणून कोणी झाडाखालचा पाचोळा पेटवितो. तेंदूला नवी पालवी चांगली फुटावी म्हणूनही आग लावली जाते. लावणाऱ्याचा हेतू एका झाडापुरता असतो, पण वाऱ्याला ते ठाऊक नसते. वणवा लागला की रोपटी, पक्ष्यांची अंडी आणि मातीचा कस सर्वच जाते, आणि धूर गावागावांवर उतरतो. याच काळात राजस्थान आणि अरबस्तानकडून आलेली धूळही आपल्या आकाशात असते, म्हणून मे महिन्यात दुपारचे आकाश पांढुरके दिसते.

तिसरा भाग पावसाळ्याचा. मृगाच्या सरी कोसळल्या की हवा धुतली जाते. कालपर्यंत न दिसणारा दूरचा डोंगर एकदम जवळ आल्यासारखा वाटतो. धूळ खाली बसते, पण हवा मोकळी राहत नाही. तिची जागा बुरशीचे बीजाणू आणि गवताचे परागकण घेतात. गाजरगवत फुलले की पुष्कळांना शिंका, खाज आणि दमा यांचा त्रास होतो, तो यामुळेच.

चौथा भाग पोळ्यापासून दिवाळीपर्यंतचा. हा धानासाठी सर्वांत नाजूक. यावर थोडे सविस्तर लिहितो.

करपा वाऱ्यावर स्वार होतो

धानाच्या पानावर डोळ्याच्या आकाराचा डाग दिसतो : मध्ये राखी, कडा तपकिरी. हा करपा. अशा एका डागातून रोज रात्री दोन ते सहा हजार बीजाणू सुटू शकतात, आणि हे सुमारे दोन आठवडे चालते. ते मुख्यतः मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत, दव पडलेले असताना सुटतात आणि वाऱ्याने शेजारच्या बांधीत जातात. पान आठ-दहा तास ओले राहिले, हवा दमट असली आणि तापमान २५ ते २८ अंशांच्या आसपास असले की बीजाणू पानात मूळ धरतो. म्हणजे दिवसा ढगाळ, रात्री थंडावा, सकाळी उशिरापर्यंत दव, अशी हवा चार-सहा दिवस राहिली तर समजावे की करपा दाराशी आला. त्यात युरियाचा हात सैल सुटला असेल तर पाने लुसलुशीत होतात आणि रोगाला आयतेच आमंत्रण मिळते. हाच रोग लोंबीच्या मानेवर आला की मान काळी पडून मोडते आणि दाणा पोचट राहतो.

काही बीजाणू गावाच्याच नव्हे, राज्याच्याही सीमा ओलांडतात. गव्हाचा तांबेरा मैदानी प्रदेशातील कडक उन्हाळ्यात जगत नाही, मग तो दरवर्षी येतो कोठून, हा प्रश्न आग्र्याचे डॉ. करमचंद मेहता यांनी आयुष्यभर अभ्यासला. तो डोंगराळ थंड प्रदेशात टिकून राहतो आणि वाऱ्याबरोबर खाली येतो, असे त्यांनी दाखविले. पुढे १९७० च्या दशकात असे आढळले की, नोव्हेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात वादळ आले की निलगिरी-पळणीच्या डोंगरांवरील काळ्या तांबेऱ्याचे बीजाणू मध्य भारतापर्यंत येऊन पावसासोबत गव्हावर उतरू शकतात. कोठे तामिळनाडू आणि कोठे आपले शेत! वाऱ्याला सातबारा लागत नाही.

माझी एक चूक

येथे मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९९८ सालचा फेब्रुवारी महिना होता. नोकरीत मी अजून नवखाच होतो. पवनी तालुक्यातील एका गावी सभेत मी खोडकिडीवर बोललो. धान कापल्यावर या किडीच्या अळ्या धसकटात दडून बसतात, हे खरेच आहे. मी म्हणालो, ‘धसकटे जाळून टाका, कीड मुळापासून जाईल.’ कागदावर सल्ला बरोबर होता. तो कधी, कोणत्या वाऱ्यात आणि कोणाच्या शेजारी अमलात आणायचा, याचा मी विचार केला नव्हता.

एका शेतकऱ्याने दुसऱ्याच दिवशी दुपारी बांधी पेटविली. वारा फिरला. आग धुऱ्यावरच्या वाळल्या गवतातून शेजाऱ्याच्या तणसाच्या ढिगापर्यंत गेली आणि तेथून गोठ्याला लागली. बैल चरायला गेले होते म्हणून वाचले. दावणीला बांधलेले गोऱ्हे वाचले नाही. वर्षभराची वैरण तासाभरात राख झाली. निरोप मिळताच मी सायकल काढून गेलो. सायंकाळ झाली होती आणि धूर गावावरच बसून राहिला होता. ज्याने बांधी पेटविली तो शेतकरी माझ्याकडे पाहून हळूच म्हणाला, ‘साहेब, तुमीच त सांगतलं होतं जी.’ त्याने शिवी दिली असती तर बरे वाटले असते.

गावाने मोठे मन दाखविले. घरटी तणसाच्या पेंढ्या गोळा करून शेजाऱ्याच्या अंगणात टाकल्या. पेटविणाऱ्याने स्वतःच्या गाईचे पुढचे वासरू त्याला देऊ केले. दोन्ही घरांत बोलचाल राहिली, ही त्यांची थोरवी. मला मात्र त्या दिवसापासून ‘जाळा’ हा शब्द सभेत उच्चारता आला नाही.

आणि हिशेबानेही जाळणे तोट्याचेच आहे. एक टन तणस जाळले तर त्यासोबत साधारण साडेपाच किलो नत्र, दोन-सव्वादोन किलो स्फुरद, पंचवीस किलो पालाश आणि किलोभर गंधक जाते किंवा वाया जाण्याच्या वाटेला लागते. नत्र तर बहुतेक धुरातच जाते. राखेत उरलेले थोडेफार पहिल्या वावटळीने उडते नाहीतर पहिल्या पुराने वाहते. हेच पुढे आपण पिशवीने विकत आणतो. खोडकिडीचाच बंदोबस्त करायचा तर कापणी जमिनीलगत करावी आणि लगेच खोल नांगरणी करावी. धसकटे उलटून उन्हात पडली की अळ्या मरतात, पाखरेही आपले काम करतात. हल्ली हार्वेस्टरने कापणी केली की उंच धसकटे आणि विस्कटलेले तणस शेतात राहते आणि काडी ओढण्याचा मोह होतो. तेव्हा ही गोष्ट आठवावी.

धुराने पाऊस पळतो काय?

गावात हा प्रश्न मला नेहमी विचारतात. प्रामाणिक उत्तर देतो. एप्रिलच्या वणव्याने जुलैचा पाऊस पळाला, असे म्हणता येत नाही. बहुतेक कण हवेत काही दिवस, फार तर आठवडा-दोन आठवडे राहतात. पाऊस आला की धुतले जातात. मोसमी पाऊस हा समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांचा मोठा व्यवहार आहे; तो एका तालुक्याच्या धुराने ठरत नाही. उलट अरबी समुद्रावरची धूळ उन्हाने तापते, त्यामुळे ओलसर वारे जोराने ओढले जातात आणि आठवडाभरात मध्य भारतात पाऊस वाढू शकतो, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. म्हणजे कणाकणांत फरक आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २००९ पासून विमानाने ढगांतील कण मोजले आणि २०१२ साली महाबळेश्वरला उंचावरची ढग-प्रयोगशाळा सुरू केली, ती असाच उलगडा करण्यासाठी.

परंतु धुराचा दुसरा परिणाम सिद्ध करायला विमान लागत नाही. तो आपल्या चुलीपाशी दिसतो. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे बारीक कणांचे प्रमाण चोवीस तासांच्या सरासरीने घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे. बंद स्वयंपाकघरात लाकूड-गोवऱ्या पेटल्या की ते कित्येकशेवर जाते. अशा धुरामुळे पाच वर्षांखालील मुलांना न्यूमोनिया होण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. माझ्या आईने तीस वर्षे फुंकणी फुंकली. तिने कधी विडी ओढली नाही, पण शेवटच्या वर्षांत तिची छाती विडी ओढणाऱ्यासारखी वाजत असे. गॅसची शेगडी पुष्कळ घरी आली आहे. सिलिंडर महाग म्हणून ती पाहुण्यांपुरती ठेवू नका. निदान हिवाळ्यातील सकाळ-संध्याकाळचा स्वयंपाक तरी तिच्यावर होऊ द्या.

एवढे करून पाहा

१. धसकटे व तणस जाळू नका. वैरण म्हणून राखा, उरलेले शेणखताच्या खड्ड्यात थरांनी कुजवा.

२. मोहाखालचा पाचोळा झाडून बाजूला करा किंवा झाडाखाली जाळी, जुने लुगडे अंथरा. फुले स्वच्छ मिळतात आणि भावही बरा येतो. वणवा दिसताच वनरक्षकाला कळवा.

३. पोळ्यापासून दर तीन दिवसांनी सकाळी बांधीत उतरून पाने पाहा. युरिया एकदम न देता विभागून द्या. ढगाळ हवेत करप्याचा डाग दिसला तर युरिया थांबवा आणि विद्यापीठाने शिफारस केलेले बुरशीनाशक कृषी सहायकाला विचारून फवारा. फवारणी वारा शांत असताना, वाऱ्याकडे पाठ करून करा.

४. धान चुरताना व तणस झटकताना नाका-तोंडाला ओलसर दुपट्टा बांधा, डोळ्यांना साधा चष्मा लावा. वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहा. डोळ्यात कूस गेल्यास स्वच्छ पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

५. चूल वापरायचीच असेल तर धुराडे ठेवा, लाकूड वाळलेले वापरा, आणि तान्हे मूल चुलीपासून दूर निजवा.

६. गाजरगवत फुलण्यापूर्वी उपटा, हातांना मोजे घाला.

यातील एकाही गोष्टीला फार पैसा लागत नाही. थोडी आठवण आणि शेजाऱ्याचा विचार लागतो. आपल्या बांधीत उठलेला धूर आपल्या धुऱ्यावर थांबत नाही, आणि शेजाऱ्याच्या बांधीतला करपाही थांबत नाही.

उद्या सकाळी घरात कवडसा पडला की मुलांना जवळ बोलवा आणि ते नाचणारे कण दाखवा. त्यात कोणते जंगलाचे, कोणते चुलीचे, कोणते शेताचे, हे त्यांना विचारा. उत्तर चुकले तरी चालेल. पाहायची सवय लागली म्हणजे पुरे.